तारेने बांधलेली रिंग

खाडीवर पूल झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पाहुण्यांना फिरवणाऱ्या एका होडीवर, बुडणाऱ्याला फेकायची लाल-पांढरी रिंग होती. चोरीला जाऊ नये म्हणून होडी चालवणाऱ्या हरचंद तांडेलाने ती कठड्याला तारेने आवळून टाकली होती. पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत आणि ती मनातून फुलून जाई.

कोपऱ्यातला डिझेलचा रिकामा कॅन एकदा म्हणाला, "बाय, वेळ आली तर तू सुटशील कशी?"

"माझा थाट तुझ्या डोळ्यांत खुपतो," रिंग म्हणाली.

एका दुपारी होडी कलली आणि तांडेलाची नात पाण्यात पडली. तांडेल रिंगकडे झेपावला. तार गंजून घट्ट बसली होती. त्याची बोटं रक्ताळली, रिंगने सगळा जोर लावला, पण कठडा तिला सोडेना. पोरीचं डोकं एकदा दिसलं, मग दिसेनासं झालं.

तांडेलाने कॅनचं बूच आवळलं आणि तो भिरकावला. दोन इवले हात वर आले आणि कॅनला बिलगले.

संध्याकाळी तांडेल पक्कड घेऊन तार तोडायला बसला.

"रंग खरवडून निघेल तुझा," कॅन हळूच म्हणाला.

"निघू दे," रिंग म्हणाली. "आधी मला सुटू दे."