दारावरची फळी

त्या कुरणात डोळ्यांपेक्षा फळीवर अधिक विश्वास होता. प्रत्येक मेंढवाड्याच्या दारावर लाकडाची एक फळी टांगलेली असे. पूर्वज सोसून जे शिकले ते तिच्यावर कोरलेले असे, आणि सांजावताना सारा कळप ते मोठ्याने वाचूनच आत जाई. 'डोळे चुकतात, फळी चुकत नाही,' हे कोकरांना दूध सुटण्याआधीच शिकवले जाई.

बांडी नावाच्या मेंढीच्या वाड्यावरची फळी तीन ओळींची होती. लांडगा दिसला की कडी लावा. दाराबाहेर निजतो तो राखणदार. कडाक्याच्या थंडीत राखणदाराला आत घ्या. हा राखणदार म्हणजे करड्या नावाचा म्हातारा कुत्रा. हल्ली थंडीने त्याचे मागचे पाय आखडत, आणि त्या तिसऱ्या ओळीवरच त्याचा हिवाळा निभावत असे.

एका वर्षी लांडग्यांनी तहाचे बोलणे लावले. मागणी लहानशीच होती. "आमचं नाव तेवढं वाईट पडलंय," त्यांचा वकील नम्रपणे म्हणाला. "यापुढे आम्हालाही राखणदार म्हणा. फळ्यांवरही तसंच असू द्या." कुरणाचा कारभार पाहणाऱ्या थोरल्या एडक्याला हा सौदा फुकटातला वाटला. नाव बदलल्याने कुणाच्या बापाचे काय जाते?

काम सुतार पक्ष्यांकडे आले. त्यांची रीत संथ होती. फळी पुरती वाचायची, वाड्यातल्या जाणत्या मेंढीला अर्थ विचारायचा, मगच चोच लावायची. टकोरी नावाची पक्षीण हे काम नुकतीच शिकू लागली होती. तिला एक युक्ती सुचली आणि ती हरखून गेली. तिने सारा थवा गोळा करून नियम दिला: फळी वाचूच नका. 'लांडगा' दिसला की खोडा, तिथे 'राखणदार' कोरा, पुढच्या दाराला जा.

"आधी एका फळीवर करून बघ," तिची आत्या म्हणाली. "आणि खोडण्याआधी जुन्या फळीची नक्कल काढून ठेव."

"आत्या, नकला काढत बसलो तर हिवाळा सरेल. नियम इतका सोपा आहे, चुकणार कुठे?"

नियम खरोखरच कुठे चुकला नाही. सूर्य मावळायच्या आत साऱ्या कुरणात लांडगा हा शब्द औषधालाही उरला नाही. तहाच्या आनंदात एडक्याने सगळ्या अक्षरांत गेरू भरून घेतला, त्यामुळे नवे कोणते आणि जुने कोणते हेही दिसेनासे झाले. टकोरीची पाठ थोपटली गेली.

मग थंडी पडली. राखणदार दिसला की कडी लावा, असे बांडीच्या फळीवर आता होते, आणि त्याला आत घ्या, असेही होते. कळपाने दोन्ही ओळी सारख्याच भक्तिभावाने वाचल्या आणि शेवटची ती खरी, असे ठरवून टाकले. त्याच सांजेला, करड्याला आत घेण्याआधीच, दाराशी लांडगा आला. करड्या त्याच्या अंगावर धावून गेला. मानेचा लचका तुटून कोसळेपर्यंत तो हटला नाही.

"कोण आहे?" बांडीने आतून विचारले.

"राखणदार," लांडगा म्हणाला. "थंडी फार आहे हो."

बांडीने फटीतून पाहिले. तिला सुळे स्पष्ट दिसले. मग तिने फळी आठवली आणि कडी काढली.

तिचे धाकटे कोकरू गेले. फळीवर होते तेच आम्ही केले, असे लांडग्यांच्या वकिलाने सांगितले, आणि दुर्दैवाने ते खरे होते.

"उलटं कर," एडका टकोरीवर ओरडला. "होतं तसं कर, आजच्या आज!"

टकोरी बांडीच्या दाराशी गेली. तिने पहिल्यांदाच ती फळी वाचली. यातला लांडगा कुठला आणि राखणदार कुठला? "बांडीकाकू, इथे आधी काय होतं?"

"आहे तेच," रडून सुजलेल्या डोळ्यांनी बांडी म्हणाली. "फळी कधी बदलते का?"

टकोरीने करड्याला विचारले. "मला वाचता येत नाही, पोरी," तो म्हणाला. "माझं नाव कुठे असेल तर तेवढं असू दे."

पण थव्याला नियम पाठ झाला होता. एडक्याने तोच उलटा करून दिला आणि टकोरी मागे वळेपर्यंत चोची चालू झाल्या होत्या. नियम या खेपेलाही चुकला नाही. साऱ्या कुरणात राखणदार हा शब्द उरला नाही. आत घेण्याची ओळ तर एडक्याने आपल्या शिंगांनीच घासून काढली.

सांजेला कळप दाराशी जमला आणि वाचू लागला. लांडगा दिसला की कडी लावा. दाराबाहेर निजतो तो लांडगा. बांडीने उंबऱ्याशी पडलेल्या करड्याकडे पाहिले. त्याच्या मानेवरची जखम अजून ओली होती.

"काकू, करड्या आहे तो!" टकोरी ओरडली. "तुझ्यासाठी लढलेला करड्या!"

"दिसतोय गं तसाच," बांडी म्हणाली. "पण डोळे चुकतात."

आतून कडी लागली. करड्या थोडा वेळ उभा राहिला. मग नेहमीसारखा तो दाराखालच्या फटीला पाठ लावून निजला, कोकरांना वारा लागू नये म्हणून.