खारीची शेंग आणि उंच घंटा

सन एकोणीसशे एकसष्ट. कार्तिक महिना. रानातल्या शेंगा काढून झाल्या होत्या. थंडी पडली होती.

शाळेपुढे लिंबाचं झाड. झाडावर खार. खारीचं एक पिल्लू. पिल्लू उपाशी.

खारीला एक शेंग सापडली. एकच. तिने ती शाळेच्या पायरीवर ठेवली. जरा दम घेतला.

तेवढ्यात दगडू आला. धप्पकन बसला. शेंगेवरच बसला!

खार म्हणाली, "दगडू, ऊठ रे. माझी शेंग दे."

दगडू रुसला होता. गाल हे एवढे फुगलेले. "नाही उठत, जा! आधी गेणूने माझी टोपी द्यावी."

खार निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेणू भिंतीआड होता. डोक्यावर टोपी. टोपीवर टोपी!

"दगडू उठेना, शेंग मिळेना, पिल्लू माझं उपाशी! गेणू, टोपी दे."

"नाही देत, जा! आधी तुळसाने माझी गोटी द्यावी."

खार निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तुळसा झाडाखाली होती. सगळ्यांत उंच. मूठ घट्ट. मुठीत गोटी.

"गेणू टोपी देईना, दगडू उठेना, शेंग मिळेना, पिल्लू माझं उपाशी! तुळसा, गोटी दे."

"नाही देत, जा! आधी बारकूने माझ्याशी बट्टी करावी."

खार निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बारकू कोपऱ्यात होता. सगळ्यांत बुटका. करंगळी अजून वर. कट्टी म्हणजे कट्टी!

"तुळसा गोटी देईना, गेणू टोपी देईना, दगडू उठेना, शेंग मिळेना, पिल्लू माझं उपाशी! बारकू, बट्टी कर."

"नाही करत, जा! रोज घंटा तीच वाजवते. वर मला म्हणते, 'बुटक्या, तुझा हात तरी पोचतो का?' आधी गुरुजींनी मला घंटा वाजवू द्यावी."

खार निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गुरुजी खुर्चीत होते. हातात छडी. खार भ्याली. तरी बोलली.

"बारकू बट्टी करीना, तुळसा गोटी देईना, गेणू टोपी देईना, दगडू उठेना, शेंग मिळेना, पिल्लू माझं उपाशी! गुरुजी, बारकूला घंटा द्या."

गुरुजी ताडकन उठले. बाहेर आले. "भांडता काय रे? बोला, कोणाला छडी देऊ?"

पोरं मागे सरली.

खार म्हणाली, "छडीने शेंग मिळेल का, गुरुजी?"

गुरुजींनी छडी खाली केली.

त्यांनी वर पाहिलं. घंटा उंच फांदीला. त्यांनी खाली पाहिलं. बारकू बुटका.

"ही उंच टांगली कोणी? मीच टांगली," गुरुजी म्हणाले.

त्यांनी छडी उचलली. छडीने दोरीची गाठ सैल केली. सर्रर्र! घंटा खाली आली. बारकूच्या नाकासमोर आली.

"आजपासून पाळीपाळीने. आज बारकू. वाजव रे!"

टण टण टण!

बारकूने बट्टी केली. तुळसाने गोटी दिली. गेणूने टोपी दिली. दगडू उठला.

अरेरे! शेंगेचा झाला होता भुगा.

खार भुग्याजवळ आली. नुसती बघत राहिली.

दगडूने टोपी नीट केली. खिशात हात घातला. एक शेंग काढली. चांगली टपोरी.

"घे गं."

खार पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. सरसर झाडावर.

कुटुम कुटुम, कुटुम कुटुम. पिल्लू जेवलं.

शेंगेला शेंग. फिटलं.