अध्यक्षांचं भाषण

सावरखेडला पिठाच्या गिरणीवरच्या खोलीतून इंदूताई फडतरे गावची केबल वाहिनी चालवत. एकदा त्यांनी गावातले कोरडे नळ दाखवले आणि नगराध्यक्ष दौलतरावांचा पारा चढला. तरातरा जिना चढून येत ते गरजले, "उद्यापासून फक्त माझी भाषणं दाखवायची! नाहीतर खांबांवरच्या तुमच्या तारा उतरवतो."

तारा गेल्या की वाहिनी संपलीच. इंदूताई म्हणाल्या, "बरं, तसं करते."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दौलतरावांचं निवडणुकीतलं भाषण सुरू झालं. "दिवाळीच्या आत घरोघरी पाणी! नाही आलं तर मी स्वतः कावडीनं भरीन!" ते संपलं की पुन्हा तेच. होळी होऊन गेली होती. दुपारी बायका रिकाम्या घागरी घेऊन अध्यक्षांच्या दारात गेल्या. "कावड कुठाय?"

दौलतराव तसेच धापा टाकत वाहिनीच्या खोलीवर आले, मागोमाग बायका. "बंद करा ते भाषण!"

"हुकूम तुमचाच ना?" इंदूताई म्हणाल्या. "हवं तर त्यातलं खोटं वाक्य तेवढं सांगा, मी कापून टाकते."

दौलतरावांनी जिन्यातल्या घागरींकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. संध्याकाळी गावात टँकर आला.