ताटातलं बहिरेपण

“हैबती तांबटाला नगराबाहेर हाकला! त्याची ऐरणही जप्त करा!”

गुमानराव राजा लालबुंद झाला होता. तांबट आळीतून स्वारी गेली, सगळी आळी उठून मुजऱ्याला वाकली, आणि हा म्हातारा पाठ फिरवून हंड्यावर ठोके घालत बसलेला! चोपदार बेंबीच्या देठापासून ओरडला, तरी मान वळली नाही.

हुकूम कळताच हैबतीची लेक तुळसा पदर खोचून तरातरा दरबारात आली. घर गेलं, ऐरण गेली, तर बा या वयात खाणार काय, डोंबल?

“महाराज, बा माजोरी नाही. बहिरा झालाय. तुमच्या वाड्याचे हंडे ठोकून ठोकून!”

“ढोंग!” राजा गरजला. “लंगड्याचा पाय दिसतो, आंधळ्याचा डोळा दिसतो. तुझ्या बापाचा कान तर चांगला सुपाएवढा आहे! बहिरेपण आणून दाखव मला, ताटात घालून! नाहीतर बापाबरोबर तूही चालू लाग.”

दरबार खिदळला. राजा बोलला की खिदळायचं, त्याचाच तर त्यांना पगार!

“दाखवते की!” तुळसा म्हणाली. “पण ताजं हवं तर आमच्या आळीत यावं लागेल. दिवसभर बसावं लागेल. सोसणार नसेल तर राहू द्या.”

“कुणाला सोसणार नाही?” म्हणत राजा दुसऱ्या दिवशी सकाळीच आळीत हजर! त्याच्याच स्नानाचं नवं घंगाळ मठारायला घेतलं होतं, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याला बळकटी आणायची. घंगाळही असं, की हत्तीचं पिल्लू बुडावं. राजाला मधोमध बसवलं, भोवती तांबट बसले, आणि सुरू झालं. ठण् ठण् ठण् ठण्! दुपारपर्यंत राजा कळवळला. पण उठणार कसा? मिशीचा प्रश्न होता.

संध्याकाळी दरबार भरला. या दरबाराची रीत अशी, की राजाने कुणाला “काय म्हणालास?” असं विचारायचंच नाही. राजाला सगळं आधीच कळलेलं असतं म्हणे!

राणी काहीतरी बोलली. राजाच्या कानात नुसते भुंगे. त्याने मिशीवर ताव देऊन मान डोलावली. राणी खूश! तिच्या माहेरची सगळी माणसं वर्षभर राहायला येणार होती. वैद्यबुवांनी विचारलं, “महाराजांचं तूप-साखर बंद करू?”

“उत्तम!”

आचारी म्हणाला, “रोज कारलं रांधू?”

“अवश्य!”

मग तुळसा पुढे झाली. लवून मुजरा केला आणि गोड आवाजात म्हणाली, “महाराज, या राज्यातलं सगळ्यात मोठं गाढव आपणच ना?”

“अर्थात!” राजा छाती काढून म्हणाला. “पिढ्यान्‌पिढ्या!”

प्रधानाने उपरणं तोंडात कोंबलं. जो तो गाल फुगवून बसला. ते बघून राजाचा धीर सुटला. “मोठ्याने बोला रे! मला काही ऐकू येत नाही!”

तुळसा त्याच्या कानाशी जाऊन ओरडली, “हेच ते, महाराज! ताटात राहीना, म्हणून कानात घातलं!”

राजाचं तोंड एवढंसं झालं. “हे… जाईल ना गं?”

“तुमचं एका दिवसाचं, उद्यापर्यंत उतरेल. बाचं जन्मभराचं, ते जायचं नाही. पण आळीतल्या पोरांचे कान अजून शाबूत आहेत. त्यांना मेणात भिजवलेले कापसाचे बोळे द्या, ठोक्यांना पाळ्या लावा. आणि बाला कल्हईचं काम द्या. भांड्याला कथिल फासायला हात लागतो, कान नाही!”

“दिलं! घर राहिलं, ऐरणही राहिली!” राजा जरा घुटमळला. “पण मघाशी मी ‘अर्थात’ म्हणालो, ते कशाला गं?”

सगळ्या दरबाराने माना खाली घातल्या. तुळसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. कानात, खणखणीत!

राजाचे डोळे गरगरले. “पोरी! तेव्हा ऐकू आलं असतं, तर तुझं मुंडकं उडवलं असतं!”

“म्हणून तर आधी कान घेतले, महाराज!”

राजा सिंहासनावर आडवा होऊन हसला. फेटा सुटून गळ्यात आला तरी हसतच होता. घंगाळ त्याने तुळसालाच देऊन टाकलं, आणि आळीच्या बोळ्यांना कापूस हवा म्हणून तिथल्या तिथे स्वतःची गादी उसवायला लावली!