ठकूबाईनं पाणी सोडलं

भाविकहो, आंबेघोळ गावच्या मारुतीच्या देवळात रानोबा महाराज एका वैशाखात येऊन राहिले होते. गावाबाहेर रानातला ओहोळ घाटवाटेच्या कडेला जेमतेम पुरुषभर उंचीवरून खाली पडे. त्याला सगळे चिमणधार म्हणत. एवढीशी ती धार, पण घाट चढणाऱ्या माणसाजनावरांचा जीव तिच्यावर! त्या साली मात्र तीही आटली होती.

ठकूबाई गवळण एकटी बाई. ना माहेर, ना सासर. होती ती एक कपिला गाय. ती व्यायला टेकलेली गाय रानातून परतताना नेमकी कोरड्या धारेपाशी बसली, ती उठेचना. जीभ बाहेर आली, डोळे फिरले. ठकूबाईच्या तांब्यात दोन घोट पाणी उरलेलं. तो तसाच हातात घेऊन ती धापा टाकत देवळात आली.

“महाराज, माझी कपिला जाती वो! काय करू?”

महाराजांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, “माय, पाणी सोड.”

ठकूबाई आली तशी धावत सुटली. देवळात दाजीसाहेब देशमुख बसले होते. गावचे बडे आसामी. महाराजांकडे यायचे ते परीक्षा पाहायला. तेही मागोमाग गेले. पाहतात तो काय, गाय तडफडतेय आणि ठकूबाई तापल्या खडकावर तांब्या उपडा करतेय!

“अगं खुळे! पाणी सोड म्हणजे आशा सोड! शेवटचा घोट गायीला तरी पाजायचास. अक्कल काय गहाण टाकलीस?”

खडकानं पाणी केव्हाच पिऊन टाकलं होतं. कपिलेचं डोकं मांडीवर घेऊन ठकूबाई देवळाकडे तोंड करून हमसून रडू लागली. “महाराज, मला मेलीला काय कळतंय? तुम्ही बोललात, मी केलं. आता तुम्हीच बघा.”

आणि काय सांगावं! खडकाच्या फटीतून आधी गढूळ थेंब आले, मग करंगळीएवढी धार, आणि मग अशी उसळी की दाजीसाहेबांचा फेटा चिंब! कपिलेनं मान उचलली, पाण्याला तोंड लावलं आणि पीतच राहिली. दिवस मावळायच्या आत ती व्याली. वासरू धडपडत उभं राहिलं, तशी “सुटले गं बाई!” म्हणत ठकूबाईनं चिखलातच बसकण मारली.

एव्हाना महाराजही तिथे आले होते. दाजीसाहेब खालमानेनं पुढे होऊन त्यांच्या पाया पडू लागले. “महाराज, मी तिला भलताच अर्थ सांगितला. माझं चुकलं.”

महाराज हसले. “चुकलात कुठे? अहो, मीही तेच म्हणालो होतो! गाय वाचायची नाही, असंच मला दिसलं. पण या माउलीनं माझा शब्द होता तसा धरला, आणि देवाला तिचं मन मोडवेना. माझ्या पाया काय पडता?”

दाजीसाहेबांनी ओला फेटा काढला आणि चिखलात गुडघे टेकून ठकूबाईपुढं डोकं ठेवलं. “अगं बाई, साहेब, हे काय!” म्हणत ती पाय मागे घेऊ लागली. तोवर महाराजांनीही हात जोडले होते.