देवीची एक दिवसाची रजा

सात टेकड्यांपलीकडे रत्नावळ नावाचं राज्य होतं. तिथल्या जादूगारांनी रात्रभर उजळणारे दगड शोधून काढले आणि तेव्हापासून लोकांनी चंद्राकडे बघणंच सोडलं. चंद्राची देवी सोळकळा विस्मरणात गेली. तिच्या देवळात दिवा लावायला एकटी तुळसा गुरवीण उरली.

एक दिवस राजा दर्पसेनाला लहर आली. देवीची मूर्ती काढून तिथे आपला पुतळा बसवायचं त्यानं ठरवलं. हे कळताच तुळसा तडक दरबारात गेली. मूर्ती गेली तर आपलं म्हणायला तिला कोणीच उरणार नव्हतं.

राजा हसून म्हणाला, "अगं, दर महिन्याला झिजत जाते आणि अवसेला तोंड लपवते, ती कसली देवी? मी वीस वर्षांत एक दिवसही सिंहासन सोडलेलं नाही!"

"खरं आहे, महाराज," तुळसा हात जोडून म्हणाली. "देवी मात्र दर महिन्याला जागा सोडून जाते आणि परत येते तेव्हा ती तिला रिकामीच मिळते. आपणही एकच दिवस सिंहासन सोडून बघावं. परत आल्यावर ते रिकामं मिळालं, तर मूर्ती मी स्वतः उचलून नेईन."

राजाचा धाकटा भाऊ भुजंगसेन एकदम ताठ बसला आणि त्यानं मिशीवरून हात फिरवला. राजानं ते पाहिलं. सिंहासनाचे दोन्ही हात घट्ट धरून तो प्रधानाला म्हणाला, "मूर्ती आहे तिथेच राहू द्या. आणि आज माझं जेवण इथेच आणा."