चढ किती उभा असावा

एकदा एका तालुक्याच्या गावात, कोणाच्या विशेष लक्षात राहू नये अशा एका मंगळवारी, नगरपरिषदेच्या कचेरीत एक पत्र आले. गळक्या नळाचा अर्ज आणि डासांची तक्रार यांच्यामध्ये ते पडून होते. शाळेसमोरच्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी उंच पट्टा बांधायला मंजुरी मिळाली होती. तेवढ्या जागेत रस्ता पदपथाच्या पातळीला आणायचा, म्हणजे चालणाऱ्याने खाली उतरायचे नाही, वाहनाने वर चढायचे.

पत्र ज्या अभियंत्याच्या हाती आले, त्याच्या आईला आठ महिन्यांपूर्वी त्याच जागी टेम्पोने उडवले होते. रिक्षातून रुग्णालयाच्या दारापर्यंत ती होती, नंतर नव्हती. तेव्हापासून तो या मंजुरीच्या मागे लागला होता. सहकाऱ्यांनी आनंदाने चहा मागवला. त्याचा चहा टेबलावरच निवला, कारण तो नकाशा काढायला बसला होता.

नकाशा पुरा झाल्यावर तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. गुरुजींनी तंत्रशाळेत तीस वर्षे मोजणी शिकवली होती. कोणताही उतार आधी मुरुमात करून बघायचा आणि मगच कागदावर सही करायची, असा त्यांचा शिरस्ता होता. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘मुरूम गुरुजी’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होते.

गुरुजींनी नकाशा निरखला. उंची बरोबर होती, रुंदीही बरोबर होती. दोन्ही बाजूंचे चढ मात्र जवळजवळ उभे होते. इतके उभे का, असे त्यांनी विचारले. शिष्य म्हणाला, सौम्य चढाला कोणी भीत नाही. गाडी आदळली, स्प्रिंगचा पाटा तुटला, म्हणजे माणसे शिकतात. हे तो अगदी शांतपणे बोलला. गुरुजींना ती शांतता बरी वाटली नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. उद्या सकाळी कचेरीच्या आवारात मुरूम टाक, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून, धुमसाने ठोकून तसाच उभा चढ तयार झाला. गुरुजी आले ते त्यांच्या आळीतल्या कोंडाबाई भाजीवालीला तिच्या रिकाम्या हातगाडीसह घेऊनच. त्यांनी चपला काढल्या, टोपी छातीवर ठेवली आणि ते हातगाडीवर पुढे डोके करून सरळ उताणे झोपले.

कोंडाबाई म्हणाली, “गुरुजी, माझी कोथिंबीरसुद्धा एवढी आडवी होत नाही.”

“शिळा माल आहे, बाई. दोघं मिळून ढकला. थांबू नका.”

दोघांनी जोर लावला. पुढची चाके चढावर आपटली आणि गुरुजींचे डोके फळीवर आदळले. पलीकडे उतरताना पुन्हा आदळले. शिष्य घाबरला, उठा म्हणाला. गुरुजींनी पडल्यापडल्याच परत फिरण्याची खूण केली.

या खेपेला शिष्य मागे थांबला नाही, पुढे चालू लागला. चाके चढाला टेकणार, तोच त्याचा तळहात आपसूक म्हाताऱ्याच्या डोक्याखाली गेला. “हळू, कोंडाबाई. हळू घ्या,” तो म्हणाला.

गाडी थांबली. गुरुजी उठले नाहीत.

“रिक्षात आईचं डोकं असंच धरलं होतंस ना?”

शिष्याने मान हलवली.

“रिक्षावाल्याला काय सांगत होतास?”

हात तसाच ठेवून तो म्हणाला, “हेच.”

“मग रस्त्यालाही हेच सांगू दे. उभा चढ माणूस निवडत नाही रे. टेम्पोवाला आदळेल, आणि त्याच्यामागून कोणाची आई मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून चालली असेल, तीही आदळेल. चढ असा कर, की चालवणाऱ्याच्या पायाला ब्रेक आठवावा आणि मागे निजलेल्याच्या मानेला कळूही नये. शिक्षा देणारे दुसरे आहेत. तुझ्या हातात मुरूम आहे.”

शिष्याने फावडे उचलले. दुपारपर्यंत तो मुरूम ओढत होता, पट्टी लावून बघत होता, पुन्हा ओढत होता. चढ लांबत गेला, निवत गेला. दर खेपेला गुरुजी गाडीवर निजत आणि कोंडाबाई आपली गिऱ्हाइके बुडाल्याची कुरकुर करत ढकलत राही. शेवटच्या खेपेला गाडी पलीकडे जाऊन थांबली, तरी गुरुजी हलले नाहीत.

“झोपले की काय,” कोंडाबाई म्हणाली.

डोळे न उघडता गुरुजींनी विचारले, “चढ आला का?”

शिष्य हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच हसला. मग त्याने तिथेच बसून नकाशा बदलला.

दिवाळीच्या आत पट्टा बांधून झाला. शाळा सुटते तेव्हा वाहने तिथे आपोआप मंदावतात आणि मुले गप्पा न थांबवता पलीकडे जातात. ज्याच्या हातून आईचा अपघात घडला, तो टेम्पोचालक शेजारच्याच गावी राहतो. एकदा त्याला भेटून ये, असे गुरुजींनी सुचवले होते. शिष्य जातो म्हणाला. तो अजून गेलेला नाही.